जुन्या आरएक्स 100 चे जाम झालेले स्क्रू आणि तुटलेला स्टड कसा काढावा?

तुमचा प्रश्न असा की काकांची यामाहा आरएक्स 100 मोटरसायकल रत्नागिरीला पडवीत कित्येक वर्षं उभी होती आणि आता ती पुन्हा चालू करायची आहे. मॅग्नेट कव्हरच्या (इंजिनच्या बाजूचं झाकण) दोन स्क्रूंच्या डोक्यावरची फुलीसारखी खाच स्लिप झालीय, सायलेन्सरचा एक स्टड (बिनडोक्याचा, आट्यांचा बोल्ट) सिलिंडरपाशी तुटलाय. मेकॅनिक म्हणतो, छन्नी मारू, कव्हर फुटलं तर दुसरं टाकू.

त्याला आधी थांबवा. ही गाडी 1996 साली बंद झाली. आज बाजारात मिळणारी कव्हरं बरीचशी डुप्लिकेट असतात आणि नीट बसत नाहीत. काकांच्या गाडीचं मूळ कव्हर वाचवण्यासाठी दोन-तीन दिवस गेले तरी चालतील.

आधी फुली का स्लिप होते ते पाहू. आपल्याकडे सगळीकडे मिळतो तो स्टार स्क्रू ड्रायव्हर म्हणजे फिलिप्स. यामाहाचे स्क्रू जपानी मापाचे, म्हणजे जेआयएस. दिसायला दोन्ही सारखेच, पण फिलिप्सचं टोक जपानी फुलीत तळापर्यंत टेकत नाही. जोर लावला की ते वर चढतं आणि फुलीच्या कडा खाऊन टाकतं. स्क्रूच्या डोक्यावर एक बारीकसा ठिपका दिसला तर तो जेआयएस समजा. कव्हरच्या एम 6 स्क्रूंना 3 नंबरचा जेआयएस बिट लागतो. ऑनलाइन मागवा, कव्हरच्या बाकीच्या स्क्रूंसाठीही तोच कामाला येईल. त्याच्याबरोबर हातोडीने मारायचा इम्पॅक्ट ड्रायव्हर घ्या. फटका बसला की बिट फुलीत आत दाबला जातो आणि त्याच क्षणी थोडा फिरतो. एवढ्यानेच बहुतेक स्क्रू सुटतात. ड्रायव्हरची दिशा उघडण्याकडे आहे ना, ते मारायच्या आधी बघून घ्या.

आता गंजाचं. तुमच्याकडची हवा खारी, स्क्रू लोखंडाचा आणि कव्हर अॅल्युमिनियमचं. दोन वेगळे धातू आणि मध्ये खारट ओल, म्हणजे अॅल्युमिनियम झिजतं आणि त्याची पांढरी पूड आट्यांत ठासून बसते. सुटलेला स्क्रू निरखून पाहा, आट्यांच्या खाचांत ती पूड खडूसारखी दिसेल. तेल अशा पुडीतून फार हळू उतरतं. म्हणून फवारा मारून दहा मिनिटांत पाना लावणं व्यर्थ आहे. डब्ल्यूडी-40 चालेल, डिझेलही चालेल, पण रात्रभर मुरू द्या, सकाळी पुन्हा सोडा, आणि मध्ये मध्ये स्क्रूच्या डोक्यावर पंच ठेवून हलके ठोके द्या. त्या हादऱ्याने पूड मोकळी होते आणि तेलाला वाट मिळते.

माझा खरा भरवसा मात्र उष्णतेवर आहे. तेवढ्याच तापमानवाढीला अॅल्युमिनियम लोखंडाच्या जवळजवळ दुप्पट फुगतं. कव्हर तापलं की स्क्रूभोवतालचं भोक मोठं होतं आणि पकड ढिली पडते. हीट गनने स्क्रूच्या आजूबाजूचा भाग तापवा, पाण्याचा थेंब टाकल्यावर चर्र करून उडेल इतका. त्याहून जास्त नको, कारण आत मॅग्नेटची कॉइल आणि रबरी सील आहेत. थेट ज्योत तर इथे अजिबात नको. गरम असतानाच इम्पॅक्टचा फटका द्या. नाही हलला तर पूर्ण गार होऊ द्या आणि पुन्हा तापवा. या फुगण्या-आकसण्यानेच निम्मं काम होतं.

तापवण्याआधी पेट्रोलची टाकी आणि कार्ब्युरेटर काढून लांब ठेवा, फवारलेलं तेल पुसून घ्या. आणि ब्रेक क्लीनर मारलेल्या जागी उष्णता लावू नका. काही क्लीनरमध्ये क्लोरीन असलेलं द्रावण असतं आणि ते तापलं की फॉस्जीन नावाचा विषारी वायू तयार होतो.

तुमच्या स्लिप झालेल्या दोन स्क्रूंचं डोकं थोडं जरी वर असेल तर ते व्हाइस ग्रिपने (पकडून लॉक होणारी पक्कड) घट्ट पकडून फिरतं का बघा. फिरत नसेल तर 6 मिमीच्या ड्रिलने फक्त डोकं उडवा. डोकं गेलं की स्क्रूवरचा ताण जातो आणि कव्हर बाहेर येतं. मग इंजिनमधून वर आलेला दांडा व्हाइस ग्रिपने पुष्कळदा सहज फिरतो. फिरवताना आधी किंचित आवळायच्या दिशेने, मग उघडायच्या, पुन्हा थोडा मागे. एकाच दिशेने रेटलात तर तो पिळून तुटेल.

सायलेन्सरचा स्टड हे यातलं सगळ्यात अवघड काम, कारण तिथलं लोखंड वर्षानुवर्षं तापून-गार होऊन ठिसूळ झालेलं असतं. तुकडा बाहेर आला असेल तर त्याच्यावर नट ठेवून आतून वेल्डिंग करून घ्या. लोखंडाचं वेल्डिंग अॅल्युमिनियमला चिकटत नाही, त्यामुळे थोडं ओघळलं तरी सिलिंडर सहसा वाचतो, आणि वेल्डिंगच्या आचेने स्टड आतून सैल होतो. नट लाल असताना घाई करू नका, लाली गेली की हळूहळू पुढे-मागे फिरवा. हे काम मिग मशीन असलेल्या वेल्डरकडेच द्या.

स्टड पृष्ठभागाला सपाट तुटला असेल तर बरोबर मध्यावर पंच मारून, बारीक ड्रिलपासून एकेक माप वाढवत भोक पाडावं लागतं. उलट्या दिशेचं ड्रिल मिळालं तर फारच छान, कधीकधी भोक पाडता पाडताच तुकडा उलटा फिरून बाहेर येतो. ईझी आउट (भोकात उलटं फिरवून तुकडा बाहेर काढायचं हत्यार) वापरायला मी सांगणार नाही. ते कडक पोलादाचं असतं, आत तुटलं तर साधं ड्रिल त्याच्यावर चालत नाही, मग स्पार्क इरोजनचं (विजेच्या ठिणग्यांनी धातू झिजवणारं) मशीन असलेलं टूल रूम शोधत फिरावं लागतं. भोक थोडं बाजूला गेलं, आटे गेले, तरी सिलिंडर फेकायचा नाही. लेथवाला हेलिकॉइल (नवे आटे देणारी तारेची गुंडाळी) बसवून देईल. ते नीट बसलं तर नुसत्या अॅल्युमिनियममधल्या आट्यांपेक्षा मजबूत असतं.

उजवा आरसा काढताना जपा. यामाहाच्या बऱ्याच गाड्यांवर त्याचे आटे उलटे असतात, आणि जाम झालाय समजून लोक तो आणखी आवळत बसतात.

परत जोडताना बरेच जण चकचकीत स्टेनलेस अॅलन बोल्ट घालतात. घाला, पण आट्यांना अँटी-सीझ (आटे जाम होऊ न देणारी पेस्ट) लावल्याशिवाय नको. स्टेनलेस आणि अॅल्युमिनियमची जोडी खाऱ्या हवेत साध्या स्क्रूपेक्षाही वाईट चिकटते. अँटी-सीझ लावलेला बोल्ट कमी जोरात जास्त आवळला जातो, म्हणून टॉर्क, म्हणजे आवळण्याचा जोर, नेहमीपेक्षा थोडा कमी ठेवा. कव्हरचे स्क्रू वेगवेगळ्या लांबीचे असतात. पुठ्ठ्यावर कव्हरचा आकार काढून प्रत्येक स्क्रू त्याच्या जागी टोचून ठेवा. लांब स्क्रू आखूड भोकात गेला तर तळाला टेकतो आणि केसिंगला तडा जातो.

स्टडचा जवळून एक फोटो टाका. किती बाहेर आहे ते दिसलं की वेल्डिंग करायचं की ड्रिल, ते नक्की सांगता येईल. तोवर सिलिंडरला कोणाला हात लावू देऊ नका.