आधी मार्शल हो, मग पळ

इंग्लंडमधल्या क्लीव्हलंड वे या पायवाटेवरची अल्ट्रा, म्हणजे मॅरेथॉनहून लांबची शर्यत, पळायचीय ना? मग आधी एक वर्ष मार्शल, म्हणजे वाटेवर धावपटूंवर लक्ष ठेवणारा स्वयंसेवक, म्हणून ये. हेल्म्सली ते फायली १०९ मैल, म्हणजे साधारण १७५ किलोमीटर. हा आकडा नकाशावर कळत नाही, पहाटे तीनला चेकपॉइंटवर उभं राहिलं की कळतो.

टाळ्या वाजवणारे पुष्कळ असतात. तू नंबर आणि वेळ टिपायची, आणि आलेल्याच्या तोंडाकडे नीट बघायचं. 'मी ठीक आहे' असं सगळेच म्हणतात, त्यावर जाऊ नकोस. जॅकेटची चेन लावता येत नसेल, जीभ जड झाली असेल, तर तो गारठलाय; त्याला पुढे सोडायचं नाही. कोरडे कपडे, गरम पेय, आणि लगेच आयोजकांना फोन. कुणी शर्यत सोडली तर तेही ताबडतोब कळव, नाहीतर घरी झोपलेल्या माणसाला लोक रात्रभर मूरवर, म्हणजे उघड्या माळरानावर, शोधत बसतात.

साल्टबर्नला समुद्र दिसला की नवख्यांना हायसं वाटतं. उगाच! खरी वाट तिथून पुढे लागते. बोल्बीचा कडा २०० मीटरच्या आसपास उंच. मग खाली ओढ्यापाशी उतरायचं, परत चढायचं, हेच चालू. व्हिटबीत १९९ पायऱ्या आहेतच. मांड्या उतारावर गळून जातात, म्हणून सरावात जिने उतर. हेडटॉर्चची जादा बॅटरी पाठपिशवीच्या तळाशी नको, बाहेरच्या कप्प्यात ठेव; गारठलेल्या बोटांना गाठी सुटत नाहीत.