निन्टेंडो वी (Wii) गेम कन्सोल: रिमोटची बटणं चालतात, पण पडद्यावरचा हात थरथरतो किंवा गायब होतो. काय करू?

बटणं चालताहेत म्हणजे ब्लूटूथ ठीक आहे. सिंक (रिमोट कन्सोलशी जोडणं) वगैरे पुन्हा करत बसू नका. हात चालतो इन्फ्रारेडवर, म्हणजे डोळ्यांना न दिसणाऱ्या उजेडावर, आणि दोष त्याच बाजूला आहे.

टीव्हीजवळच्या 'सेन्सर बार'मध्ये सेन्सर नसतोच (नाव ठेवणाऱ्याला काय म्हणावं!). त्यात दोन टोकांना फक्त इन्फ्रारेड दिवे असतात. ते बघणारा कॅमेरा रिमोटच्या पुढच्या काळ्या काचेमागे असतो.

म्हणून आधी कन्सोल चालू करून बारकडे मोबाइलच्या सेल्फी कॅमेऱ्यातून पाहा. मागच्या कॅमेऱ्यात बहुधा इन्फ्रारेड अडवणारी फिल्टर असते, त्यावर विसंबू नका. दोन्ही टोकांना जांभळट उजेड दिसायला हवा. काहीच दिसलं नाही तर बारच्या वायरची पिन कन्सोलच्या मागे नीट बसली आहे का बघा. तरीही अंधार असेल तर बहुधा वायर तुटलेली असणार. तेव्हा सरळ दुसरा बार घ्या, दुरुस्तीच्या फंदात पडू नका. खात्रीच करायची असेल तर बारच्या दोन टोकांच्या जागी दोन मेणबत्त्या लावा. हात परत आला, तर रिमोट निर्दोष!

दिवे दिसत असतील तर वी सेटिंग्जमध्ये सेन्सर बार, मग सेन्सिटिव्हिटी उघडा. रिमोट टीव्हीकडे धरल्यावर दोनच ठिपके दिसले पाहिजेत. जास्त दिसले तर खिडकीतलं ऊन, पिवळा बल्ब, समई किंवा शोकेसच्या काचेतलं प्रतिबिंब शोधा. साधारण एक ते तीन मीटरवर बसा. बार टीव्हीच्या वर आहे की खाली, तेही तिथेच नोंदवा.