लॅन्थॅनमवाल्या बिस्मथ फेराइटमधले जास्तीचे पीक: मॉड्युलेशन की इम्प्युरिटी?

तुम्ही इंदूरचे, तुमच्या बिस्मथ फेराइटच्या सँपलमध्ये २०% बिस्मथच्या जागी लॅन्थॅनम, पावडर एक्सआरडीत (पावडरवर एक्स-रे टाकून काढलेल्या पॅटर्नमध्ये) साध्या सेलमध्ये, म्हणजे रचनेच्या परत परत येणाऱ्या छोट्या ठोकळ्यात, न बसणारे बारीक पीक, गाइड म्हणतात इम्प्युरिटी आणि सीनियर म्हणतो ही ती प्रसिद्ध ६२ नॅनोमीटरची सायक्लॉइड. सायक्लॉइड आधी डोक्यातून काढा. ती शुद्ध बिस्मथ फेराइटमधल्या लोखंडाच्या स्पिनची (अणूंच्या छोट्या चुंबकांची) लाट आहे, अणूंच्या जागांची नाही, आणि लॅबच्या एक्स-रेला स्पिन दिसत नाहीत. १९८२ मध्ये सोस्नोव्स्का आणि सहकाऱ्यांनी ती न्यूट्रॉननी पकडली, तीही हाय रिझोल्यूशन टाइम-ऑफ-फ्लाइट मशीनवर, कारण एवढ्या लांब लाटेचे सॅटेलाइट (मुख्य पीकच्या बाजूला येणारे छोटे पीक) मुख्य पीकला इतके चिकटलेले असतात की साध्या मशीनवर सगळं मिळून एकच दिसतं.

गाइडची शंका मात्र आधी तपासा. भट्टीत बिस्मथ उडतो, मग लोखंड जास्त असलेला मुलाइट फेज (वेगळंच संयुग) येतो, भरपाईला बिस्मथ जास्त टाकला तर बिस्मथ जास्त असलेला सिलेनाइट, आणि दोन्हींचे ठळक पीक कॉपर ट्यूबच्या एक्स-रेवर २७ ते २९ अंशांच्या (२θ) आसपास. पावडर पातळ नायट्रिक ॲसिडने धुवून परत स्कॅन घ्या, बिस्मथवाला कचरा बराचसा जातो.

पण ते पीक टिकले तर घाईनं इम्प्युरिटी लिहू नका हो! साधारण २० ते ३०% लॅन्थॅनमला अणूंच्या जागाच लाटेत सरकलेली (हेच मॉड्युलेशन) इनकमेन्शुरेट, म्हणजे लाटेची लांबी सेलच्या पूर्ण पटीत न बसणारी, रचना सापडलेली आहे, म्हणजे तुमचं सँपल नेमकं मोक्याच्या जागी आहे. महेश्वरी साडीत चौकडीचं अंतर एक आणि त्यावरून जाणाऱ्या रंगाच्या लाटेचं दुसरं, दोन्हींचा मेळ कधीच बसत नाही, तसं. म्हणून तीन आकड्यांऐवजी चार आकड्यांनी इंडेक्सिंग करावं लागतं. माझ्या मते खरी कसोटी हीच: सगळे जास्तीचे पीक एकाच क्यू व्हेक्टरने (लाटेची दिशा आणि लांबी सांगणाऱ्या आकड्यांनी) बसले पाहिजेत. दोन पीकसाठी एक क्यू, तिसऱ्यासाठी वेगळा, असं करायला लागलात तर ते मॉड्युलेशन नाही.

पावडरवरून क्यू शोधणं मात्र फार त्रासाचं, एकात एक मिसळलेल्या पीकमधून दिशा कळतच नाही. त्यापेक्षा आधी टीईएमवर (ट्रान्समिशन इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपवर) एकाच दाण्याचं इलेक्ट्रॉन डिफ्रॅक्शन काढा, सॅटेलाइटचे ठिपके कुठल्या दिशेने आणि किती अंतरावर ते सरळ मोजता येतं. इंदूरला असण्याचा फायदा घ्या, खंडवा रोडवर सीएसआर (यूजीसी-डीएईचं संशोधन केंद्र) आहे, आरआरकॅट या अणुऊर्जा विभागाच्या संस्थेत इंडस-२ सिंक्रोट्रॉनवर (खूप तेज एक्स-रे देणाऱ्या यंत्रावर) पावडर डिफ्रॅक्शनची बीमलाइन आहे, प्रपोजल टाका. ऑक्सिजनचे ८ इलेक्ट्रॉन बिस्मथच्या ८३ पुढे एक्स-रेत बुडून जातात, त्यामुळे ऑक्टाहेड्रा (लोखंडाभोवतीचे सहा ऑक्सिजनचे आठ-पृष्ठी ठोकळे) कसे कलतात ते नीट हवं असेल तर ट्रॉम्बेच्या ध्रुव रिॲक्टरचे न्यूट्रॉन लागतील. रिफाइनमेंट (रचनेचं मॉडेल पॅटर्नशी जुळवणं) जाना या सॉफ्टवेअरमध्ये करा, पण क्यू हातात आल्याशिवाय ते उघडूच नका.

तोवर २० ते ४० अंशांचा हळू स्कॅन लॉग स्केलवर इथे टाका, धुण्याआधीचा आणि नंतरचा, दोन्ही.