तांब्याचे पाइप आणि फिटिंग झाळण्यापूर्वी ड्रिलला ब्रश लावून घासले तर चालतात का?

चालतात, आणि वीस-पंचवीस सांधे करायचे असतील तर मनगटाचे श्रमही वाचतात. दोन-तीन सांध्यांसाठी मात्र हातब्रश आणि एमरी कापड पुरेसे आहे. झाळ सांध्यात शिरते ती पाइप व फिटिंगमधल्या मिलिमीटरच्या दहाव्या भागाएवढ्या फटीतून, केशाकर्षणाने (अरुंद फटीत द्रव आपोआप ओढला जातो त्याने). म्हणून धातू चकचकीत दिसेपर्यंतच घासावे, कारण ड्रिलच्या जोरावर जास्त घासल्यास ती फट रुंदावते आणि सांधा गळण्याची शक्यता वाढते. ब्रश फिटिंगच्या मापाचा, शक्यतो स्टेनलेस स्टीलच्या तारांचा घ्यावा, कारण साध्या पोलादी तारांचे तुकडे मागे राहून गंजतात. ड्रिल मंद गतीवर आणि एकाच दिशेने फिरवावे. ब्रश आत असताना दिशा उलटी केली की तारा दुमडतात. फिटिंग बोटांत न धरता पकडीत धरावे (एकदा बोट सोलले की हे आपोआप लक्षात राहते). एसीच्या पाइपांत तोंड खाली ठेवूनच घासावे, नाहीतर तांब्याचा चुरा कॉम्प्रेसरपर्यंत जातो. घासलेला भाग कोरड्या कापडाने पुसून, बोट न लावता, लगेच फ्लक्स (झाळ धातूला नीट धरावी म्हणून लावायचा लेप) लावावा.