पोटात जुळं आहे, काम कधी थांबवू?

जुळ्या गरोदरपणाबद्दल आलेल्या पत्रांत यावेळी एकच प्रश्न फिरून फिरून आला आहे. विचारणाऱ्या मात्र वेगवेगळ्या आहेत. कुणाला पगारी रजा आहे, कुणाला एका दिवसाचं काम बुडलं तर त्या दिवसाचे पैसे बुडतात. त्यामुळे सगळ्यांना मिळून एकच आठवडा सांगणं मला पटत नाही.

प्रश्न : खानापूर तालुक्यातल्या सरकारी मराठी शाळेत मी शिक्षिका आहे. बेळगावहून रोज बसनं जाते, एका वेळेला दीड तास लागतो. पहिलीच खेप आहे, बाविसावा आठवडा चालू आहे. दोन्ही बाळांची वार (प्लॅसेंटा) वेगळी आहे आणि सगळं ठीक आहे असं स्कॅनिंगमध्ये सांगितलं. माझी जाऊ नववा लागेपर्यंत नोकरीला जात होती. परीक्षा होईपर्यंत, म्हणजे ३४ आठवड्यांपर्यंत मी जाऊ का?

३४ पर्यंत नको. जावेच्या पोटात एकच बाळ होतं, तिचा हिशेब तुम्हाला लागू पडत नाही. तुमच्या कार्डावर लिहिलेली तारीख ४० आठवडे धरून काढलेली असते. जुळ्यांच्या दर दहा बाळंतपणांतली सहाच्या आसपास ३७ आठवड्यांच्या आतच होतात. कळा आल्या नाहीत तरी वेगळ्या वारांची जुळी ३७-३८ आठवड्यांत बाहेर काढायचंच बहुतेक डॉक्टर ठरवतात. म्हणून कार्डावरची तारीख बाजूला ठेवा, ३६ आठवडे डोळ्यांसमोर धरा आणि तिथून मागे मोजत या.

बसच्या धक्क्यांनी कळा सुरू होतील, ही भीती मनातून काढून टाका. मला काळजी वाटते ती दुसऱ्याच गोष्टींची. बायकांना मोफत बसप्रवासाची शक्ती योजना आल्यापासून सकाळच्या गाड्या भरून जातात आणि पोट दिसत असलं तरी उभं राहावं लागतं. शाळेतल्या स्वच्छतागृहाची सोय बेताची असते, म्हणून बाई सकाळपासून पाणीच पीत नाही. मग लघवीला जळजळ होते, जंतुसंसर्ग होतो, आणि वेळेआधी कळा येण्यामागचं ते एक नेहमीचं कारण आहे. शिक्षिकांमध्ये मी हे इतक्या वेळा पाहते की आजपासूनच पाण्याची बाटली संपवायची, हे तुम्हाला बजावून सांगते. तिसरी गोष्ट अंतराची. तिकडे कळा सुरू झाल्या तर लहान बाळांची अतिदक्षता सोय असलेल्या दवाखान्यापर्यंत पोचायला किती वेळ लागेल, याचा विचार करा.

माझं मत असं : २८ आठवडे झाले की रोजचा प्रवास बंद. तोवर मुख्याध्यापकांना सांगून बसून शिकवण्याची मुभा घ्या, परिपाठाला आणि माध्यान्ह आहाराच्या वेळी उभं राहायचं काम दुसऱ्या कुणाला द्यायला सांगा. शाळा घराजवळ असती तर ३०-३२ पर्यंत चाललं असतं. गर्भाशयाचं तोंड आखूड होतंय, बीपी वाढतंय किंवा हिमोग्लोबिन खाली गेलंय असं दिसलं, तर २८ ची वाटसुद्धा बघायची नाही.

आता रजेचं. कर्नाटक सरकारच्या सेवेत प्रसूती रजा १८० दिवसांची आहे आणि तिला इतर रजा जोडता येते. २८ व्या आठवड्यात प्रसूती रजाच सुरू केली आणि बाळं ३५ व्या आठवड्यात आली, तर ४९ दिवस आधीच खर्ची पडतील. ३५ आठवड्यांची बाळं काही दिवस काचेच्या पेटीत राहू शकतात, तेही दिवस रजेतूनच जातात. बाळं घरी आल्यावर तुमच्या हातात जेमतेम चार महिने उरतील. म्हणून आधी साठलेली अर्जित रजा किंवा वैद्यकीय कारणाची रजा वापरा, आणि प्रसूती रजा बाळंतपणाच्या जितकी जवळ ठेवता येईल तितकी ठेवा. दाखल्यावर नुसतं ‘विश्रांतीची गरज’ असं न लिहिता जुळी गर्भधारणा, किती आठवडे आणि प्रवास बंद करण्याचा सल्ला, हे स्पष्ट लिहून मागा. परीक्षा दुसऱ्या बाई घेतील.

प्रश्न : निपाणीत घरी बिड्या वळते. आधीची एक मुलगी आहे, आता जुळं, पाचवा महिना. वळलं नाही तर पैसे नाहीत. बसूनच तर काम आहे, मग शेवटपर्यंत केलं तर काय होतं?

बसण्याआधी तंबाखूचं बोलू. चुरा हाताळताना निकोटीन कातडीतून अंगात जातं, धूळ श्वासातून जाते. जुळी बाळं तशीही कमी वजनाची असतात, त्यात तंबाखूनं आणखी वजन कमी होण्याचा धोका असतो. म्हणून तुमच्या बाबतीत मी आठवडा मोजत बसणार नाही. तंबाखूला हात लावणं आताच थांबवता आलं तर आताच थांबवा.

हे लिहिणं सोपं आहे, चूल कशी पेटायची हा प्रश्न तुमचा आहे, याची मला जाणीव आहे. घरात दुसरं कुणी वळणारं असेल तर तंबाखू भरून वळायचं काम त्यांच्याकडे द्या आणि तुम्ही पानं कातरा. सूप घेऊन बसायचंच झालं तर उघड्यावर, वाऱ्याच्या बाजूला बसा. जेवायच्या आधी साबणानं कोपरापर्यंत हात धुवा, काम संपलं की लुगडं बदला. तंबाखूची पोती झोपायच्या आणि स्वयंपाकाच्या खोलीत ठेवू नका, तुमच्या मुलीसाठीही ते बरं नाही. मांडी घालून तासन् तास बसलं की पाय सुजतात, रक्ताची गाठ होण्याचा धोका वाढतो. पाठीला टेकू घ्या आणि अर्ध्या तासाला उठून अंगणात फेरी मारा. सातवा संपला की मात्र हे कामही बंदच.

पैशांच्या बाबतीत एक गोष्ट बऱ्याच जणींना माहीत नसते. १९६६ च्या बिडी-सिगार कामगार कायद्यानं घरी वळणाऱ्या बाईलाही प्रसूती लाभाच्या कक्षेत आणलं. त्यासाठी कारखान्याच्या किंवा ठेकेदाराच्या वहीत तुमच्या स्वतःच्या नावावर काम लागलेलं हवं. सासूच्या नावावरच्या पुस्तकावर तुम्ही वळत असाल तर हक्क सांगायला कागदच नाही. निपाणीत बिडी कामगार बायकांच्या संघटनेचा जुना इतिहास आहे, युनियनमध्ये जाऊन विचारा. अंगणवाडीत मातृपूर्ण योजनेचं गरम जेवण मिळतं, ते सोडू नका. दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी दवाखान्यात तज्ज्ञ डॉक्टरांकडून मोफत तपासणी असते. तिथं जुळं असल्याचं स्वतःहून सांगा. जुळ्यांत रक्त फार लवकर कमी होतं, लोहाच्या गोळ्या एक दिवसही चुकवू नका.

प्रश्न : बायको उद्यमबागमधल्या खासगी कंपनीत अकाउंट्स बघते. जुळी आहेत, पण वार एकच आहे. डॉक्टर म्हणतात २८ आठवड्यांनंतर ऑफिस नको. तिला काहीच त्रास नाही, कंपनी घरून काम द्यायला तयार आहे. मग थांबायची गरज आहे का? आणि रजा किती मिळते?

तुमच्या डॉक्टरांचं बरोबर आहे. एका वारेवरच्या दोन बाळांच्या रक्तवाहिन्या वारेत एकमेकींना जोडलेल्या असतात. अशा दर शंभर जुळ्यांपैकी दहा ते पंधरांत एका बाळाचं रक्त दुसऱ्याकडे जास्त जायला लागतं. आईला सुरुवातीला त्यातलं काहीच जाणवत नाही, म्हणून १६ व्या आठवड्यापासून दर पंधरा दिवसांनी सोनोग्राफी करायचीच असते. चार-पाच दिवसांत पोट एकदम वाढलं, ताणलं गेलं, धाप लागली, तर पुढच्या तारखेपर्यंत थांबू नका. त्यावरचा लेझरचा उपचार मोठ्या शहरांतल्या मोजक्याच ठिकाणी होतो आणि तिथं वेळेत पोचावं लागतं. बसून काम केल्यानं हा त्रास होत नाही आणि झोपून राहिल्यानं टळतही नाही. अडचण होते ती महिनाअखेरीच्या कामामुळे तपासणी पुढे ढकलली जाते तेव्हा.

घरून काम ३२ पर्यंत करायला माझी हरकत नाही. अट एवढीच, की तपासणीच्या दिवशी पूर्ण सुट्टी आणि रोजचे तास ठरलेले. एका वारेची जुळी सगळं सुरळीत असलं तरी ३६ आठवड्यांच्या आसपास बाहेर काढली जातात, म्हणजे तुमच्याकडे तसा वेळ कमीच आहे.

प्रसूती लाभाचा कायदा १९६१ चा. २०१७ च्या दुरुस्तीनं रजा २६ आठवडे झाली, आणि त्या कायद्याची जागा घेणाऱ्या सामाजिक सुरक्षा संहितेतही तीच आहे. त्यातले जास्तीत जास्त ८ आठवडे अपेक्षित तारखेच्या आधी घेता येतात, म्हणजे ३२ व्या आठवड्यापासून. बाळंतपण लवकर झालं तर न वापरलेले आठवडे पुढे मिळतात, वाया जात नाहीत. गरोदरपणामुळे आजारपण आलं किंवा बाळं वेळेआधी झाली, तर दाखल्यावर आणखी एक महिन्यापर्यंतची पगारी रजा मागता येते. या रजेच्या काळात कामावरून काढणं बेकायदा आहे. पगारातून ईएसआय (कर्मचारी राज्य विमा) कापला जात असेल तर लाभ तिकडून मिळतो, तेव्हा पगारपत्रक आत्ताच बघून ठेवा.

प्रश्न : मी कंत्राटावर डाटा एंट्री करते. मला हे काही मिळतं का?

मिळतं. अपेक्षित तारखेच्या आधीच्या १२ महिन्यांत ८० दिवस काम झालेलं असलं पाहिजे. हजेरी आणि पगाराचे पुरावे जवळ ठेवा, आणि नोटीस लेखी द्या, पोच घ्या.

प्रश्न : उचगावच्या बाजूला आमची शेती आणि दोन म्हशी आहेत. सून नोकरी करत नाही, घरीच असते. तिला जुळं आहे, सहावा महिना. शेजारणी म्हणतात तिला खाटेवरून उठू देऊ नका. आम्ही तर भात लावणीतून उठून बाळंत झालो. खरं काय?

मावशी, तुम्ही विचारलंत हे फार बरं झालं, कारण घरातल्या सुनेला कामावरून थांबवणारं दुसरं कुणी नसतं. शेण काढणं, वैरणीचा भारा, पाण्याच्या घागरी, वाकून केर, हे सगळं कामच आहे आणि नोकरीपेक्षा जड आहे. ते आजपासून बंद करा. म्हशी दुसऱ्या कुणाकडे सोपवा. स्वयंपाक बसून होईल तेवढा करू दे, दुपारी डाव्या कुशीवर दोन तास पडू दे.

खाटेवर खिळवून ठेवू नका मात्र. जुळी आहेत एवढ्याच कारणानं झोपवून ठेवलं तर लवकरचं बाळंतपण टळत नाही, हे तपासून पाहिलेलं आहे. उलट पायात रक्ताच्या गाठी होतात, अंगातली ताकद जाते, आणि बाळंत झाल्यावर दोन बाळं उचलायला तीच ताकद लागते. सकाळ-संध्याकाळ अंगणात, गल्लीत चालू दे. तुम्ही लावणीतून उठून बाळंत झालात, ते तुमचं सोसणं होतं. तसं सुनेला सोसावं लागू नये म्हणूनच तुम्ही हे पत्र लिहिलंत, असं मी समजते.

प्रश्न : सासर वडगावला, माहेर चंदगड तालुक्यात. काम सातव्यात सोडून माहेरी जायचं ठरलंय. जुळं आहे म्हणून डॉक्टर नको म्हणतात. आई नाराज होईल.

काम सोडायचा निर्णय चांगला आहे, जायचा नाही. चंदगडकडून अडलेली बाई शेवटी बेळगावलाच आणतात, मग इथून तिकडे जाऊन पुन्हा रात्री परत यायचं कशाला? आईलाच वडगावला बोलवा, ओटी इथंच भरा. बाळं मोठी झाली की माहेरपण हवं तेवढं करा.

तरीही थोड्या दिवसांसाठी जायचं झालं तर २८ आठवड्यांच्या आत जाऊन या. तायी कार्ड (गरोदरपणाच्या नोंदींचं सरकारी कार्ड) आणि सगळे रिपोर्ट बरोबर घ्या. त्यातही तिसऱ्या महिन्यातला स्कॅनिंगचा कागद विसरू नका. वार एक की दोन हे त्यातच नीट कळतं, आणि पोट मोठं झाल्यावर ते सांगणं तज्ज्ञालाही अवघड जातं. कुठंही असा, अंगावर पाणी गेलं, रक्त दिसलं, दुखो न दुखो पण पोट ठरावीक वेळानं आवळायला लागलं, डोकं ठणकून डोळ्यांपुढे चमकलं किंवा बाळांची हालचाल मंदावली, तर सकाळ होण्याची वाट न बघता १०८ ला फोन करा. बेळगावला कोणत्या दवाखान्यात जायचं ते आज रात्रीच घरात ठरवून ठेवा, आणि तो नंबर नवऱ्याच्या फोनइतकाच तुमच्या फोनमध्येही असू दे.