सुरुवात मरियमपासून करा

ख्रिस्ती धर्म आणि इस्लाम यांची तुलना करायची असेल, तर थेट त्रैक्यावर (पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा मिळून एकच देव, ही ख्रिस्ती श्रद्धा) उडी घेऊ नका, नवखा माणूस तिथे हमखास अडकतो. आधी कुराणातला १९वा अध्याय 'मरियम' आणि बायबलमधल्या लूकच्या शुभवर्तमानाचे पहिले दोन अध्याय शेजारी ठेवून वाचा. कुमारी मातेपोटी येशूचा जन्म दोन्हीकडे आहे. फरक कुठून सुरू होतो ते तुम्हालाच दिसेल.

सुरुवातीच्या चुका या:

- बायबलसमोर कुराण आणि येशूसमोर मुहम्मद पैगंबर ठेवणं. ही सर्वांत मोठी चूक. ख्रिस्ती श्रद्धेत देवाचा शब्द देहधारी झाला, तो येशू. इस्लाममध्ये देवाची वाणी म्हणजे कुराण. म्हणून खरी तुलना येशू आणि कुराण यांची. मला हे उमगलं तेव्हा निम्मे गैरसमज गळून पडले.
- 'अवतार' हा शब्द. आपल्या तोंडी तो चटकन येतो, पण ख्रिस्ती देहधारण एकदाच घडलेलं आहे.
- त्रैक्य म्हणजे तीन देव समजणं. ख्रिस्तीही देव एकच मानतात.

येशूच्या क्रुसावरच्या मृत्यूबद्दलचा मतभेद खरा आहे: ख्रिस्ती तो मानतात, कुराण नाकारतं (कुराण ४:१५७). तो गुळमुळीत करू नका. प्रत्येक बाजू अशी मांडा, की त्या धर्माचा माणूस म्हणेल, "हो, आम्ही हेच मानतो." निकायाची परिषद (ख्रिस्ती सिद्धांत ठरवणारी चौथ्या शतकातली सभा), अशअरी पंथ (इस्लामी धर्मविचाराची एक शाखा) हे सगळं नंतर.