आधी टाळू बघ

प्रिय डॉक्टर,

नवजात शिशू विभागात रुजू होण्याआधी दुभंगलेल्या ओठांविषयी काय वाचू, असं विचारलं आहेस. वाचशीलच. पण फाटलेला ओठ खोलीत येणाऱ्या प्रत्येकाला दिसतो, त्याला डॉक्टर लागत नाही. तुझं काम टाळू, म्हणजे तोंडाचं छत, बघण्याचं आहे.

नुसतं बोट फिरवून केसपेपरवर ‘टाळू ठीक’ लिहू नकोस. मऊ टाळूतली अरुंद फट बोटाला कळत नाही. जीभ पट्टीने हलकेच दाब, टॉर्च धर आणि पडजीभ नीट दिसेपर्यंत तपासणी संपली असं समजू नकोस. कधी वरचं आवरण अखंड असतं, पण आतले स्नायू जुळलेले नसतात. तेव्हा पडजीभ दुभागलेली दिसते, मध्यरेषेवर निळसर अर्धपारदर्शक पट्टा असतो आणि कडक टाळूच्या मागच्या कडेला खाच लागते. ती खाच शोधायला मात्र बोटच हवं. हे निसटलं, तर मूल नाकातून बोलायला लागेपर्यंत अनेकदा कुणाच्या ध्यानात येत नाही. ‘सोनोग्राफी नॉर्मल होती’ यावरही विसंबू नकोस. विसाव्या आठवड्याच्या सुमारास ओठाची फट बहुधा सापडते, एकट्या टाळूची सहसा नाही.

फट सापडली की बाकीचं बाळ बघ. हनुवटी मागे आणि जीभ घशाकडे पडलेली असेल, तर आधी श्वास. अशा बाळाला उताणं ठेवू नकोस. देखरेखीखाली कुशीवर किंवा पालथं निजव. खालच्या ओठावर दोन बारीक खळगे असतील तर आईबाबांचे ओठही बघ, हा दोष घराण्यात उतरतो. हृदयात मर्मर, म्हणजे ठोक्यांमध्ये जास्तीचा आवाज, ऐकू आली तर 22 व्या गुणसूत्राची तपासणी आणि रक्तातलं कॅल्शियम विसरू नकोस.

मग दूध. टाळू उघडी असली की तोंडात निर्वात पोकळी धरत नाही, म्हणून बाळ ओढतं पण दूध येत नाही, आणि दमून झोपतं. बघणाऱ्याला वाटतं पोट भरलं. दाबता येणारी मऊ बाटली घे, बाळाला उभट धर, त्याच्या गिळण्याच्या लयीत बाटली दाब, मध्येमध्ये ढेकर काढ. अर्ध्या तासाच्या वर पाजणं लांबलं तर मिळालेल्या दुधापेक्षा श्रमच जास्त होतात. आईचं दूध काढून असंच देता येतं, हे तिला पहिल्याच दिवशी सांग. आणि हेही सांग, की ओठ आणि टाळू गर्भारपणाच्या पहिल्या 12 आठवड्यांतच घडतात, बहुतेक वेळा एकच एक कारण सापडत नाही आणि तिच्या हातून काही चुकलेलं नाही. हे वाक्य घाईत, दारात उभं राहून बोलू नकोस. खुर्ची ओढून बस.

ओठ साधारण तीन ते सहा महिन्यांत शिवतात, टाळू बहुतेक ठिकाणी वर्षाच्या आसपास. टाळूत नुसती फट बुजवून भागत नाही. टाळू उचलणारे स्नायू कडक टाळूच्या मागच्या कडेला चुकीचे चिकटलेले असतात. ते सोडवून मध्यरेषेवर आडवे जोडले, तरच बोलताना नाकाची वाट बंद होते. 2023 साली प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत, फक्त टाळू दुभंगलेल्या निरोगी बाळांना बाराव्याऐवजी सहाव्या महिन्यात शिवल्यावर पाचव्या वर्षी नाकाची वाट बंद करण्याचं काम अधिक चांगलं आढळलं. तेव्हा ‘मोठं होऊ दे, मग बघू’ असं पालकांना कधीही सांगू नकोस.

हिरडीतली फट असेल तर सुळा येण्याआधी हाडाचं रोपण लागतं. ते पुढे दंतवैद्य बघतील. कान मात्र आत्ताच तुझे. टाळूचेच स्नायू कानाची नळी उघडतात, त्यामुळे पडद्यामागे पाणी साचतं, मूल कमी ऐकतं आणि बोलणं आणखी मागे पडतं. डिस्चार्ज कार्डावर श्रवणतपासणीची तारीख आणि स्पीच थेरपिस्टचं नाव स्वतःच्या हाताने लिही. वजन रोज बघ. दोन आठवड्यांत जन्मवजनावर परत आलं नाही तर वाट न बघता मला फोन कर.

तुझे सर